तास्योच्या कानाचं यंत्र

इलोइलो शहरात माजी सैनिकांच्या दवाखान्यात लुझ वडिलांसाठी थांबली होती. शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा तास्यो आणि त्याची बायको पेतांग बसले होते. सरकारनं दिलेलं कानाचं यंत्र त्याला नुकतंच बसवलं होतं.

“अगं पेतांग, ओरडतेस काय!”

“इतकी वर्षं ओरडतेच आहे. सवय झालीय.”

“आवाज म्हातारा झाला गं तुझा.”

“तुमचे कान तेवढे तरुण झाले! देव त्या डॉक्टरीणबाईंचं भलं करो.”

“आणि सरकारचंही. तोफांनी नेलेलं परत दिलं बघ.”

“खरंय.”

“तू भात शिजवताना गायचीस. कधी सोडलंस ते?”

“सोडलं कुठे? आज सकाळीसुद्धा गात होते.”

तास्यो तिच्याजवळ सरकून बसला.

“मग आत्ता म्हण.”

“इथं? एवढ्या लोकांत?”

“हळूच म्हण. ऐकू येतंय मला.”