यासीन कुठल्या खोलीत गेला?

"हॅलो? तौसीफ?… अरे, सलाम नंतर कर! यासीन टीव्हीवरून गेला!"

गुलशनबी हॉलच्या दारात फोन कानाला लावून उभ्या होत्या. जास्मीनला बघायला उरणहून यासीनचे मामू आणि खाला आले होते. नवरामुलगा यासीन स्वतः बहारीनला, म्हणून व्हिडिओ कॉलने टीव्हीवर. जास्मीन रुसून गच्चीत बसलेली. आणि पनवेलच्या या घरातलं सगळं नेटवर्क चालवत होता कुवेतला बसलेला लेक तौसीफ.

"गेला म्हणजे गेला! आता टीव्हीवर आपला दरवाजा दिसतोय… हो, बेलचा कॅमेरा. पाहुणे स्वतःच्याच चपला बघतायत… काय? किचनमध्ये? टॅबवर?… थांब हां… हो रे, इथेच आहे! तांदळाच्या डब्याला टेकून. सलाम, बेटा!… या, या, सगळे आत या. हो खाला, कप घेऊनच या…

"पण हा इकडे आला कसा?… हं… हं… म्हणजे आधी वायफायचा प्रत्येक डबा आपापला रस्ता ठरवायचा, आणि आता सगळी अक्कल तुझ्या एकट्याच्या लॅपटॉपात? आणि तो कुवेतला?… अरे, कंपनीत शिकलास ते कंपनीत कर ना! प्रयोगाला बहिणीचंच लग्न सापडलं?… नको, काही बदलू नकोस… बदललंस? या अल्ला! गेला!"

मामू रिकाम्या टॅबकडे बघत राहिले.

"आता कुठे?… अब्बांच्या कम्प्युटरवर? अरे, ते बनियनवर दाढीला मेंदी लावून बसलेत!… ऐकू येतंय मला. यासीनला म्हणतायत, 'आम्हाला विमा नको'… हसतोस काय? मामू कप घेऊन तिकडे पळाले… परत हलवलास? कुणाच्या फोनवर?… जास्मीनच्या?"

गुलशनबी जिन्याशी थबकल्या. सकाळपासून तोंड फुगवून बसलेली पोर वर खळखळून हसत होती.

"तौसीफ, ऐक… हसतेय रे ती… हो, तीच. आता कशालाही हात लावू नकोस… काय? टीव्हीवर आणतोस? नको! मोठ्या पडद्यावर सगळे ऐकतील! लॅपटॉप मीट. मीट म्हणते ना!… हॅलो?… हॅलो?"

तिकडे लॅपटॉप मिटला आणि इकडे टीव्ही, टॅब, कम्प्युटर, बेल, सगळं एकदम थंड पडलं. गुलशनबींचा फोनही त्याच वायफायवर होता, तोही गेला. आता जुळत आलेलं तुटलं!

तेवढ्यात गच्चीवरून जास्मीन ओरडली, "अम्मी, कुणी वर येऊ नका! मी माझ्या सिमवरून बोलतेय!"