घसरणं आणि मोडणं

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या, मोडलेलं मनगट ओढणीत बांधलेलं. सोबत सून. खिडकीत कारकून.

"आजी, पडलात कुठे?"

"रस्त्यावर, बाबा."

"केंद्राच्या की राज्याच्या?"

"पडताना पाटी वाचायची राहिली."

सून म्हणाली, "अहो, पाय राष्ट्रीय महामार्गावर घसरला, हात आपटला गल्लीत."

"म्हणजे घसरणं केंद्राचं, मोडणं राज्याचं."

"मग काढा की एक्स-रे. यंत्र राज्याचंच आहे ना?"

"हो, पण कारण केंद्राचं. त्यांचं ना-हरकत पत्र लागेल."

"कधी येतं?"

"दीडेक महिन्यात."

"तोवर हाड वाकडं जुळेल हो. या हातानं त्या शिवणकाम करतात."

"जुळेल खरं."

"मग ते वाकडं हाड कोणाचं, केंद्राचं की राज्याचं?"

"ते आजींचं."