नुसतं ‘कर’

अहो नाही हो, बेल कितीही दाबलीत तरी दार उघडायचं नाही — चित्रा घरात नाहीच, साडेअकराला गेलीय पॅरामाटाला, मी खिडकीतून बघितलं ना — म्हणजे बघत नव्हते, पडदा सारखा करत होते. तुम्ही तिच्या नणंद ना, सुलोचनाताई, ब्रिस्बेनच्या? ओळखलं मी, ईशानीच्या लग्नात मोरपंखी नेसला होतात. या, बॅग आत घ्या, चहा टाकलाच आहे. मी शेजारची, मिसेस चिखलीकर. हसा, हसा, या आडनावाला इथं आमच्या वेंटी सबर्बात सगळेच हसतात.

पाटी बघितलीत ना दारावरची? पितळेची! ‘हॉर्टन’. आता मला सांगा, घर चित्राचं, ईशानी आणि तिचा ऑलिव्हर राहतात मागच्या अंगणातल्या छोट्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, आणि पुढच्या दाराला आडनाव जावयाचं? ‘मोरे’ आहे हो, नाही कशाला — खाली, बारीक अक्षरात. तुमच्याच माहेरचं, मला काय! पण चित्रा आल्यागेल्याला ऐकवते — ‘आमच्या ईशानीच्या सासरचं आडनाव म्हणजे इंग्लंडातलं गाव आहे बरं का!’ व्याही तिथं जाऊन आले, गावाच्या बोर्डाशेजारी उभं राहून फोटो काढला, तो हिनं टीव्हीच्या वर टांगलाय. मी जळत नाही हो. मी कशाला जळू? पण आमचंही गावावरूनच आहे ना — चिखलीचे म्हणून चिखलीकर! आमच्या चिखलीचा फोटो आहे का कुठं? एस्टीच्या फळीवरसुद्धा धड अक्षरात नसायची.

ऑलिव्हर पोरगा मात्र गुणी, खोटं का बोलू. त्या दिवशी गवत कापत होता, कुंपणाजवळ आला, म्हणाला, आंटी, तुमचं पूर्ण नाव शिकवा. आता तो ‘ख’ ह्या लोकांच्या घशातून निघतो का? पण सोडलं नाही हो त्यानं — चिक्कलीकर, चिकालीकर, असं करत करत आणला बाहेर ‘ख’! मग विचारतो, अर्थ काय? मी म्हटलं, जाऊ दे रे, चांगला नाही. मागेच लागला, तेव्हा सांगितलं — मड. चिखल. तर यानं मशीनच बंद केलं आणि हसत सुटला. ‘आंटी, माझंही तेच!’ ‘हॉर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत चिखल, घाण, आणि ‘टन’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी. म्हणजे काय झालं सुलोचनाताई? चिखलवाडी झाली! आणि अशी हॉर्टनं म्हणे तिकडे ढिगानं आहेत, आपल्या चिखल्यांसारखीच. मी घरात येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या, देवाशपथ. आणि मग ती पाटी दिसली आणि घशाशी आलं सगळं. चिखल तोच ना? मग त्यांचा पितळेवर आणि आमचा —

आमच्या विवेकनं काढूनच टाकलाय हो. नुसतं ‘कर’ लावतो. विवेक कर. इथली माणसं त्याला ‘कार’ म्हणतात, म्हणजे तेही धड नाही. गाव गेलं आणि मागे उरला तो कर — पालिकेचा असतो तसला! आता त्यालाही मुलगी झालीय, अठरा दिवसांची आहे, तुम्हाला सांगितलं नाही का मी? आज अर्व्होला, दुपारीच, फॉर्म भरणार आहेत नावाचा. अनन्या कर. काय कर? होमवर्क कर? एकदा नोंद झाली की संपलं, माझ्या नातीला चिखली माहीतच नसणार. सकाळी फोन केला मी, म्हटलं, अरे, त्या ऑलिव्हरचं बघ, त्याच्याही नावात चिखलच आहे, मिरवतोय की! तर म्हणतो, ‘आई, तुला आता आठवलं?’

आता म्हणजे? आता म्हणजे काही नाही हो. साखर किती घालू?

नाही, तुम्ही विचारलंत म्हणून. नऊ वर्षांचा होता. शाळेत ‘चिकन, चिकन’ करून पोरं पंख फडफडवायची त्याच्यासमोर. रडायचा. मी गेले ऑफिसात, माझं इंग्लिश ते तेवढंच. तिथल्या बाईनं फॉर्म पुढे केला, म्हणाली, स्पेलिंग बरोबर आहे का बघा. एवढंच म्हणाली ती. बदला असं कुणीच नव्हतं सांगितलं. मी पेन घेतलं आणि ‘चिखली’वर काट मारली. पुढे त्यानं सगळ्या कागदांवर तेच करून घेतलं, पण पहिली काट माझी. शेजारीच उभा होता तो. म्हणाला, आई, बाबांचं नाव का खोडलंस? आणि मी म्हटलं — काय म्हणावं मी त्या लेकराला? ‘अरे, घाण अर्थ आहे त्याचा.’

आज सकाळी तेच वाक्य त्यानं मला परत म्हणून दाखवलं. शब्द न् शब्द.

आणि मी त्याला काय म्हटलं माहितेय? ‘मी असं बोललेच नाही.’ फोन ठेवला.

नाही, नाही, पाणी नको. किती वाजले हो? दोन? — सुलोचनाताई, राग मानू नका, कप घेऊन जरा बाहेर व्हरांड्यात बसता का? मला फोन करायचाय. दार ओढून घ्या जाताना.