बिनव्हॅटचा आठवडा

मी गुहागरकडची. आमचं घर डोंगराच्या कुशीत, समुद्राचा आवाज यायचा पन समुद्र दिसायचा नाय, तो बगायला अर्धा डोंगर चढून जावं लागायचं. आईची पायमशीन व्हती, ती गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची आनि पोरांच्या शाळेच्या चड्ड्या, आनि मी तिच्या पायाशी बसून काज-बटन करायचे. लगीन झालं तवा नवरा इथं बहारीनला, तुबलीत गॅरेजला मेकॅनिक. त्यानं फॅमिली व्हिसा काढला तवा सगळं गाव म्हनालं, सुनंदी आता एसीत बसून खाईल. काय सांगू तुमाला ताई, मी बसून खानारी असते तर आज तुमी वही घेऊन माज्याकडं आला असतात का.

गॅरेजांच्या मागल्या रस्त्याला हे दुकान, शाळेच्या युनिफॉर्मचं. मालकाला इथं अरबाब म्हनतात. आमचा अरबाब बहारीनीच, म्हातारा, मानूस वाईट नाय, रोज दुपारी आमाला खजूर आनतो नि मला उम निखिल म्हनून हाक मारतो, म्हनजे निखिलची आई. त्याच्याकडं आमी दोघी, मी नि सरोजा. सरोजा आंध्राची, मला अक्का म्हनते, मराठी तिला येत नाय नि तेलुगू मला येत नाय, आमचं सगळं हिंदीत चालतं आनि ती हिंदी ऐकून दिल्लीचा मानूस पळून जाईल. कॉलर ती लावते, बाकी शिलाई माजी. कॉलरीत तिचा हात असा, की पोरगं वर्षभर ओढून ओढून दमेल पन कॉलर वाकडी व्हायची नाय.

आता आमच्या कामाची रीत सांगत्ये, ती कळल्याबगर पुढचं कळायचं नाय. इथली लोकं जूनमदे सुट्टीला आपापल्या गावी जातात. जायच्या आधी आया पोरांना घेऊन येतात, माप देतात. आमी मापापेक्षा जरा वाढवून कापतो, आत माया, म्हनजे शिवनीत दुमडलेलं जादा कापड, सोडतो, कारन सुट्टीत आजीकडं खाऊन पोरं वाढनारच. मग जुलै, ऑगस्ट, बाहेर आग पेटलेली असती नि आमी आत बसून सावकाश शिवत असतो. पोरं परत आली की कपडे तयार. दोन महिने दोघींना पुरेल एवढं काम, ना घाई ना बोंबाबोंब.

गेल्या साली मंदी म्हनून सगळीकडं रड. कंपन्यांनी मानसं काढलेली, अमवाज म्हनजे इथली श्रीमंतांची वस्ती, तिथं पन माज्या एका गिऱ्हाइकाच्या बिल्डिंगीत निम्मे फ्लॅट खाली. अरबाब पन घाबरला. त्याच्या भाच्यानं त्याला सुचवलं, शाळा उघडायच्या आधी एक आठवडा व्हॅट नाय घ्यायचा, दिनारामागं शंभर फिल्स, म्हनजे दहावा हिस्सा, आपन भरायचे, गर्दी होईल. अरबाब एवढा खूष, एवढा खूष, की ऑगस्टच्या आठवड्याचा बोर्ड त्यानं जूनमदेच काचेवर लावला. लाल अक्षरात, अरबीत नि इंग्लिशमदे.

झालं. आया यायच्या, दारात थांबायच्या, बोर्ड वाचायच्या, नि पोराचा हात धरून माघारी. मी आतनं हाक मारायचे, अवो माप तरी देऊन जा, तर म्हनायच्या, नको, तवाच येऊ. त्यांचं तरी काय चुकलं, मी असते तर मी पन तेच केलं असतं. आमी बसलो मग. मशीनला तेल घातलं, बॉबिनी भरल्या, जुन्या चिंध्यांच्या पिशव्या शिवल्या. सरोजाला रिकामं बसवत नाय, ती रडकुंडीला आली. अरबाब यायचा, बगायचा, हात उलटे करून म्हनायचा, काम मफी, म्हनजे काम नाय. अरे बाबा, काम तू स्वताच काचेवर लिवून घालवलंस!

आनि मग तो आठवडा आला. देवा देवा देवा. रांग गॅरेजापर्यंत. माप घ्यायला वेळ नाय, माया सोडायला वेळ नाय, नजरेच्या अंदाजानं कापायचं नि दामटायचं. सरोजाची बोटं सुजली. निम्मी लोकं कटाळून मॉलमदे तयार कपडे घ्यायला गेली. शाळा सुरू झाल्या नि दुसऱ्याच दिवसापासनं दुकान असं गप्प झालं, की बाहेर गॅरेजात पाना पडला तरी आत ऐकू यायचा.

पन खोटं कशाला बोलू. त्याच आठवड्यात एक बाई आली, आपल्या नागपूरकडची, नवऱ्याची नोकरी गेलेली, दोन मुली. बिल हातात घेतलं नि तिच्या डोळ्यात पानी आलं. म्हनाली, ताई, वाचले त्यात धाकटीचे बूट येतील. मला फार बरं वाटलं. पन तिच्या मागं रांगेत अमवाजची एक मॅडम, ड्रायव्हरच्या हातात पिशव्या, तिला पन तेवढीच सूट. मी मनात म्हटलं, अरबाब, तुला द्यायचं तर हिला दे ना, बारा महिने दे, त्या मॅडमला कशाला देतोस.

माजा निखिल इथं कॉलेजला, कॉमर्स. घरी मराठीत विचारा, इंग्लिशमदे बोलेल. त्याला सांगितलं तर म्हनतो, आई, इट्स गुड पॉलिसी, मंदीत लोक स्पेंड करत नाहीत, गव्हर्नमेंटनं पन एक वीक टॅक्स हॉलिडे द्यायला पायजे, सगळ्या शॉप्सना. मी म्हटलं, मग काय, आमचं एक दुकान गप्प बसलं तसा सगळा बाजार गप्प बसेल. आधी महिनाभर लोकं वाट बगनार, मग तुटून पडनार, मग परत सामसूम. एका पोराला दोन शर्ट लागतात. व्हॅट नाय म्हनून त्याला तिसरा हात फुटत नाय! तो हसला, पन लगेच म्हनाला, फ्रिज, टीव्ही तरी जास्त घेतील ना, एक बॅड मंथ निघून जातो, दॅट्स इनफ. मी भाकऱ्या थापायला बसले. पन रातभर डोक्यात तेच, नि सकाळी डबा भरताना त्याला म्हटलं, फ्रिज आज घेतलेला मानूस पुढल्या महिन्यात दुसरा घेनार का रे? आनि सरकारनं व्हॅट सोडला तर आपलं हेल्थ सेंटर कशावर चालेल? तो म्हनाला, गुड पॉइंट, आई. पन पटलं नाय त्याला, तोंडावरनं कळलं मला. नसूंदे. त्याला काचेच्या आत बसायला लागलं नाय.

ऑक्टोबरात अरबाबनं मला बाजूला बोलावलं. म्हनाला, उम निखिल, दोन महिने दोघी बसून व्हतात, एकीचंच काम हाय. तू राहा. सरोजाचा व्हिसा आता रिन्यू नाय करनार. ताई, मी नवऱ्याच्या व्हिसावर, मला काय फरक नाय. सरोजाचा व्हिसा दुकानाचा. दुकान सुटलं की ती विमानात, नि घरी तिची आई आनि अपंग भाऊ तिच्या जिवावर. माजं डोकं असं फिरलं. म्हटलं, अरबाब, लोकांना थांबा तू सांगितलंस, ती थांबली, नि त्याची शिक्षा हिला? आमी काम टाळलं नाय, तू बोर्ड लावून काम टाळलंस. हिला काढायची असेल तर मी पन उठत्ये, मग तुज्या भाच्याला बसव मशीनवर, कॉलर लावूंदे त्याला! दुकानात दोन गिऱ्हाइकं व्हती, ती बगतच राहिली. सरोजा मागून माजा दुपट्टा ओढते, अक्का चुप, अक्का चुप. नाय बसले चुप. आयुष्यात कधी मालकासमोर आवाज चढवला नव्हता मी, पन त्या दिवशी चढवला, नि त्याचं मला अजून काय वाईट वाटत नाय.

अरबाब लाल झाला, मग खाली बसला, पानी प्याला. म्हनाला, एक वर्ष. एक वर्ष रिन्यू करतो. पुढल्या उन्हाळ्यात परत दोघी रिकाम्या दिसल्या तर खलास. मी म्हटलं, मंजूर.

तो उन्हाळा म्हनजे हाच. आनि बगा, काचेवर बोर्ड परत लागलाय, भाच्यानंच आनला. मी अरबाबला सांगितलं, जूनमदे माप देनाऱ्याला पन व्हॅट सोड, मग कोन थांबनार नाय. तो म्हनाला, इंशाल्ला. इथं इंशाल्ला म्हनजे हो पन नि नाय पन. म्हनून मी त्याच्या भरवशावर बसले नाय. टेप गळ्यात घालून संध्याकाळी बिल्डिंगी बिल्डिंगी फिरत्ये, दार वाजवत्ये, सांगत्ये, माप आता द्या, बिल त्या आठवड्यात करा, तुमचा व्हॅट वाचेल नि सरोजाची नोकरी पन वाचेल. अरबाबला ठाऊक हाय. बगून न बगितल्यासारखं करतो, देव त्याचं भलं करो. काही जनी माप देतात. काही म्हनतात, बगू, तवाच येऊ.

तुमी तासभर माजं ऐकून लिवून घेताय, फार बरं वाटलं. पन ताई, तुमची मुलगी पन इथल्याच शाळेत ना? आत येताना तुमी बोर्ड वाचलात, मी बगितलं. मग तिला का नाय आनलंत? खरं सांगा, तुमी पन थांबलाय ना? मिटवा ती वही. आधी पोरीला घेऊन या, सरोजा आत रिकामी बसली हाय.