अमेरिकेचा धूर आणि आमची पांढरी अंगठी

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा, अमेरिकेत मोटारी धूर सोडत्यात, त्याच्याशी भिंगारच्या माणसाचा काय संबंध? पर बसलो बोंबलत!

तुमाला सांगतो, आमचा बाप गोऱ्या साहेबाचा खानसामा. साहेब विलायतेला निघाला तवा बोटातली पांढरी अंगठी बापाला देऊन गेला. आमी समजलो चांदी. थोरलीच्या लग्नात आमची मंडळी, छबू, म्हनली, "वितळवा, जोडवी हुतील." सोनारानं भट्टीत घातली, फुकून फुकून त्याचं गाल दुखलं, अंगठी हाय तशी! म्हनला, "न्या घरी, लोखंडाचीच कुठली तरी जात हाय." मग नवरानवरी हळदीच्या पाण्यात अंगठी शोधत्यात न्हवं, त्यात टाकली. घावली जावयाला, कानिफनाथला. घातली बोटात आन् तोंड वाकडं... "मामा, लोखंडावर भागवता व्हय? सोन्याची कवा?" दर सणाला तेच! आन् सोनं? अरबांनी तेल अडवलं, चढलं! कुठं लढाई पेटली, चढलं! उतरायचं नावच न्हाई.

मी मिलिटरीच्या मेसमधी वाढपी. एक दिस कप्तानसाहेब पेपर वाचत म्हनले, "अमेरिकेत मोटारींचा धूर साफ करायला प्लॅटिनम बसवणार, भाव चढलाय बघ." म्हनलं, साहेब, ते काय असतं? "पांढरं असतं, सोन्याहून महाग, सोनाराच्या भट्टीत वितळत नाही."

...वरणाची वाटी साहेबाच्या मांडीवर!

आता सांगा, त्या धुराशी माझा काय संबंध? पर झोप उडाली. धाकटीचं लगीन तोंडावर, आन् धाकटीचं लगीन जावयाच्या बोटात! जावयाला दिलेलं परत मागायचं कुठल्या तोंडानं? तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. म्हनलं, जावयाला सोन्याची अंगठी वाण द्यायची आन् पांढरी हळूच काढून घ्यायची. सोनं कुठनं? छबूची बोरमाळ! तिच्या आईची हो... गळ्यातनं काढून बाईनं माझ्या हातावर ठेवली. म्हनलं, छबे, दुप्पट मण्यांची करतो!

जावई आला. पुरणाचं धोंडे, वर तूप, सगळं हादडलं. मी सोन्याची अंगठी काढली, "ती जुनी ठेवा इकडं" म्हनून हात धरला... बोट मोकळं! म्हनलं, पांढरी कुठाय?

"ती व्हय? मला साडेसाती लागली न्हवं का. आई म्हनली, शनीला लोखंड वाहा. आलो वाहून शिंगणापूरला. आता लई हलकं वाटतंय, मामा!"

हलकं वाटतंय! आन् सोन्याची बोटात घालून गेला! दुसऱ्या दिशी पळालो शिंगणापूरला. तिथं घरांना दारं न्हाईत, कुलपं न्हाईत, कुणी कुणाच्या काडीला हात लावत न्हाई, आन् मी देवाचं उचलू? तेलात माखलेल्या खिळ्यांत, नालांत नुसतं डोळं फाडून बघितलं. न्हाई दिसली. हात जोडलं, माघारी आलो. मेसमधी पाय ठेवला तर कप्तानसाहेब म्हनतात, "भाव आणखी चढला रे!" चढू द्या की! माझा काय संबंध?

घरी छबू मोकळ्या गळ्यानं भाकरी थापत हुती. वर न बघता म्हनली, "जावयाची साडेसाती गेली का?"

म्हनलं, "गेली की. लांब न्हाई... आपल्याच घरी मुक्कामाला आलीया."