आधी शाल, मग जाब

खॅक खॅक खॅक... फुस्स. असा आवाज यायचा सकाळी आमच्या कुरवंड्यात. श्रीपतीच्या जीपचा. लय जुनी व्हती ती, पण तुमाला सांगतो, त्या खोकल्याच्या जिवावर आख्खं गाव लोणावळ्याला जायचं, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, अडलेली बाई, सगळं एकाच जीपमधी... आन आमीच त्याला म्हणलो, "आता सरकारी पैशाची बस येतीय, हे भंगार काढ." त्यानं जीप मोडीत काढली. बस आली, गुबगुबीत सीटांची, थोडे दिस फिरली, आन मग येईचना. ठेकेदार बुडाला म्हणे. बुडाला म्हंजे काय वो, विहिरीत का? विहिरीत बुडालेला वर तरी येतो. ह्यो न्हाईच आला. मग इचारायचं कुणाला?

माझी नात राजेश्वरी बारावीला हाय, कॉलेज लोणावळ्यात. रोज पायी जाती, धुक्यात हाताला हात दिसत न्हाई. तिचा बाप संदेश, माझाच पोरगा, वाईट न्हाई पण भितो, म्हणला, "बस न्हाई तर कॉलेज न्हाई." मग पोरगी मला म्हणली, "आबा, बसचे साहेब येणार हायेत गावच्या सभेला. तुमी थोरले. एवढंच इचारा, बस परत कवा येणार आन ह्याचा जाब कोण देणार."

व्हय म्हणलो. पण आमची रीत अशी की पाहुणा आला की आधी सत्कार, मग काय ते बोला. शाल घालायला गावातला थोरला लागतो, म्हंजे मीच. घातली. तर साहेब वाकून माझ्या पायाच पडले, आन माझ्या तोंडून गेलं, "सुखी ऱ्हावा." आता सुखी ऱ्हावा म्हणलेल्या माणसाला लगेच दुःख कसं द्यायचं, सांगा बरं?

तरी उठलो. मी मुळातच सावकाश बोलणारा. "साहेब... ती... बस..." म्हणेस्तोवर साहेब बोलून मोकळे. "आबा, ठेका आमच्या आधीच्या साहेबांनी दिला. आमचा संबंध येत नाही. चौकशी होणार आहे."

"कोण करनार?"

"समिती."

"समितीत कोण?"

"ती अजून नेमायची आहे."

तेवढ्यात सरपंच सविताबाई म्हणल्या, "आबा, बसा आता. पाहुण्यांचा चहा गार व्हतोय." चहा पुढं आला. मग इचारायचं कुणाला? बशीला?

घरी आलो तर राजेश्वरी दारातच. "काय म्हणले, आबा?"

म्हणलो, "साहेब लय नम्र हाय गं... पाया पडला माझ्या."

"आन बस?"

"चौकशी व्हनार हाय."

"मग आता मी इचारायचं कुणाला?"

तुमाला सांगतो, आख्ख्या मावळात तिच्यासमोर जाब द्यायला उभा राहिलेला माणूस एकच, मी. तिनं खांद्यावरचं दप्तर काढलं, खुंटीला अडकवलं, आन चुलीकडं निघून गेली.