कोर्टात नेलेलं कांबळं

तासगावच्या कोर्टात मी कांबळं घेऊन का गेलो होतो, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. माझी बैलगाडी चुलतभाऊ ज्ञानूच्या शेताच्या कडेनं जायची. रानात जायला दुसरी वाटच नव्हती. ती बंद व्हावी म्हणून ज्ञानूनं दावा लावला आणि मला समन्स आलं. कोर्ट म्हटल्यावर जेलच, असं आम्ही धरून चाललो. बायकोनं रडत भाकरी बांधली. आत थंडी वाजंल म्हणून कांबळं दिलं.

कोर्टाच्या दारात एक वकील भेटले. मी समन्स त्यांच्या हातात देऊन विचारलं, "सायेब, मला आत कवा घेत्यात?"

ते हसले. "अहो, हा दिवाणी दावा. यात कुणी आत घेत नाही. पण वाट टिकवायची तर आधी वकील द्या."

"गुन्हाच न्हाई, तर वकील कशाला?"

"गप्प बसलात तर तो म्हणेल तसा निकाल लागेल."

मला काही उमजेना. कुणी आत घेत नाही, मग हे चाललंय तरी काय? म्हटलं, "बरं, मग सुटनार कवा?"

"ते सांगता यायचं नाही. नातवाच्या हयातीत सुटलात तर नशीब."

मागं ज्ञानू उभा होता. तो हळूच म्हणाला, "आन् ज्यानं दावा लावलाय त्यो?"

"तोही यांच्याबरोबरच."

ज्ञानूनं माझं कांबळं उचलून खांद्यावर टाकलं. "दादा, गाडी घाल माझ्या रानातनं. पर मला हितनं सोडव."